खिडकी लहान, उडी तीच

‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधला मारिओ बी बटण दाबून पूर्ण वेगात पळतो, तेव्हा पडद्यावरच्या प्रत्येक चित्रागणिक तो अडीच पिक्सेल पुढे सरकतो. सेकंदाला ६० चित्रे, म्हणजे सेकंदाला १५० पिक्सेल. एवढा एक आकडा हाताशी ठेवला की एक जुने कोडे बरेचसे सुटते. कोडे असे : लहानपणी टीव्हीवर डोळे मिटून पार केलेला हा खेळ खिशात मावणाऱ्या गेम बॉय कलरवर पुन्हा खेळायला घ्या, पहिल्या दोन-तीन लेव्हलमध्येच तुम्ही पटापट मरायला लागाल. बोटे तीच, उड्या त्याच, कासवेही जिथल्या तिथे. मग बदलले काय?

आधी मूळ खेळाकडे पाहू. निन्टेन्डोने तो १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम या आपल्या यंत्रासाठी बाजारात आणला. आखणी शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांची, संगीत कोजी कोंडो यांचे. कॅसेटमध्ये जागा होती फक्त ४० किलोबाइट. त्यातली ३२ प्रोग्रॅमला आणि उरलेली ८ चित्रांना. आज मोबाइलवर काढलेला साधा फोटोसुद्धा याच्या कित्येक पट जागा खातो. तेवढ्यात आठ जगे, प्रत्येकात चार अशा ३२ लेव्हल, पाण्याखालचे भाग, भुयारे आणि किल्ले बसवायचे म्हणजे काटकसर आलीच. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप ही मुळात एकच आकृती आहे, एकदा पांढऱ्या रंगात आणि एकदा हिरव्या. हे एकदा कळले की पुढे प्रत्येक झुडपात ढगच दिसतो.

पण या खेळाची खरी कारागिरी आहे ती मापांत. सगळे जग १६ पिक्सेलच्या चौकटींवर उभे आहे. टीव्हीच्या पडद्यावर अशा १६ चौकटी आडव्या आणि १५ उभ्या. मारिओ जागच्या जागी उडी मारून चार चौकटी उंचीवर चढू शकतो. पहिल्या लेव्हलमधले सुरुवातीचे पाइप पाहा : पहिला दोन चौकटींचा, दुसरा तीनचा, तिसरा चारचा. कुणी काही सांगत नाही, पण तिसरा पाइप ओलांडेपर्यंत बटण किती वेळ दाबून धरायचे ते अंगठ्याला कळलेले असते. अगदी सुरुवातीला मारिओ डाव्या कडेला उभा असतो आणि उजवीकडे सगळे मोकळे, म्हणजे जायचे कुठे हा प्रश्नच नाही. मग एक भुवया चढवलेला गूम्बा चालत येतो. प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून मशरूम निघते, उजवीकडे घरंगळते, पाइपवर आपटते आणि परत तुमच्याकडेच येते. नवख्या खेळाडूला ते चुकवायचे असले तरी चुकवता येऊ नये, अशीच ती सोय. सुरुवातीच्या लेव्हल आम्ही शेवटी-शेवटी बनवल्या, असे मियामोतो यांनी नंतर मुलाखतींत सांगितले आहे, आणि ते पटते. खेळ पूर्ण उमगल्याशिवाय इतके नेमके पहिले पान लिहिता येत नाही.

या सगळ्या मापांमागे एक न बोललेला करार आहे. धोका तुम्हाला आधी दिसेल, विचार करायला जेमतेम वेळ मिळेल आणि तरी मेलात तर चूक तुमची. खड्डा अचानक येत नाही, पलीकडचा काठ उडी मारण्याआधी दिसलेला असतो. म्हणूनच मारिओ शंभरदा मेला तरी माणूस चिडून रिमोट फेकत नाही, पुन्हा सुरू करतो.

आपल्याकडे हा खेळ निन्टेन्डोच्या अस्सल यंत्रातून क्वचितच पोचला. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घरांत आणि तासावर पैसे घेऊन खेळू देणाऱ्या दुकानांत जी यंत्रे होती, ती बहुतेक फॅमिकॉमच्या नकला : ‘मायक्रो जीनियस’, ‘लिटल मास्टर’ आणि तसलीच आणखी काही. टीव्हीच्या अँटेनाच्या जागी वायर खुपसायची, चॅनेल जुळवायचा, कॅसेट लागली नाही की काढून फुंकर मारायची आणि पुन्हा घालायची. (फुंकरीने काही होत नसे. काढून घातल्यामुळे पट्ट्या नीट टेकत, एवढेच. उलट तोंडातल्या ओलाव्याने त्या गंजत.) शेवटच्या राक्षसाचे नाव बाउझर आहे हे कुणाला ठाऊक नव्हते, तो सरसकट ‘ड्रॅगन’ होता. या नकली यंत्रांची आणखी एक गंमत आहे. तिच्याकडे पुढे येऊ, कारण आपल्या कोड्याचे अर्धे उत्तर तिच्यात आहे.

१९८९ साली गेम बॉय आला. पडदा १६० बाय १४४ पिक्सेल, हिरवट रंगाच्या चार छटा. मोठ्या पडद्याचा मारिओ या लहान खिडकीत बसवायचा कसा, या प्रश्नाला निन्टेन्डोने पुढे तीन वेगवेगळी उत्तरे दिली. पहिले उत्तर म्हणजे तो बसवायचाच नाही, लहान खिडकीसाठी वेगळा खेळ करायचा. गेम बॉयबरोबरच जपानमध्ये आलेला ‘सुपर मारिओ लँड’ हा तसा खेळ. तो मियामोतो यांचा नव्हे. गेम बॉय ज्या चमूने घडवला त्यांनीच तो केला, निर्माता गुनपेई योकोई आणि दिग्दर्शक सातोरू ओकादा. बाराच लेव्हल, आणि मारिओ मुंगीएवढा. मुंगीएवढा केल्यामुळे भोवतालची जागा पुरेशी दिसते, करार शाबूत राहतो. मात्र उडीचे वजन वेगळे लागते. टीव्हीवर शिकलेला अंगठा इथे फारसा कामाचा नाही. खेळ मजेचा आहे, पण तो जुना मारिओ नव्हे.

(योकोई यांचे नाव आलेच आहे तर एक सांगून टाकतो. अधिक चिन्हाच्या आकाराचे दिशाबटण, ज्याच्याशिवाय मारिओची कल्पनाच करता येत नाही, ते त्यांनी १९८२ साली ‘गेम अँड वॉच’ या मालिकेतल्या ‘डाँकी काँग’साठी बसवले. ते यंत्र हातात धरून खेळण्याचे होते. म्हणजे हे बटण आधी हातातल्या खेळात आले आणि मग टीव्हीच्या खेळात गेले.)

दुसरे उत्तर हा आपला मुख्य विषय. १९९८ च्या अखेरीस गेम बॉय कलर आला. दोन पेन्सिल सेल, रंगीत पडदा, पण आकार जुनाच : १६० बाय १४४. १९९९ च्या मे महिन्यात अमेरिकेत त्याच्यासाठी ‘सुपर मारिओ ब्रदर्स डीलक्स’ विक्रीला आला. इथे निन्टेन्डोने मारिओ लहान केला नाही. चौकट १६ पिक्सेलचीच, गूम्बा तेवढाच, पाइप तेवढाच, उड्या आणि धावणे जवळजवळ मापाबरहुकूम. फक्त दिसणारा भाग कापला. टीव्हीवर २५६ बाय २४० पिक्सेलचे चित्र होते, इथे त्यातले साडेसदतीस टक्के उरले. जुन्या टीव्हीच्या कडा वरचे-खालचे थोडे गिळत असत हे धरले तरी निम्म्याहून जास्त दृश्य गेलेच. १६ बाय १५ चौकटींच्या जागी आता १० बाय ९.

याचा परिणाम पहिल्याच लेव्हलच्या पहिल्याच ठिकाणी दिसतो. विटा आणि प्रश्नचिन्हांची ती ओळख पटणारी रांग आठवा, आणि तिच्या वर एकटाच टांगलेला आणखी एक प्रश्नचिन्हाचा ठोकळा. पायाखालच्या जमिनीच्या दोन ओळी धरून त्या वरच्या ठोकळ्यापर्यंत मोजले तर दहा ओळी होतात. पडद्यावर मावतात नऊ. म्हणजे जमीन आणि तो ठोकळा एका वेळी पूर्ण दिसूच शकत नाहीत. टीव्हीवर तो ठोकळा ‘वर कसे चढायचे?’ असा प्रश्न विचारायचा. इथे तो आहे हे ज्याला आठवते, त्याच्यासाठीच आहे. बनवणाऱ्यांना हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी एक सोय करून ठेवली : उभे राहून दिशाबटण वर दाबून धरले की दृश्य वर सरकते, खाली दाबले की खाली. सोय चांगली, पण पळता पळता ती वापरता येत नाही. आणि मारिओ हा पळण्याचा खेळ आहे.

आता सुरुवातीचा आकडा बाहेर काढू. मारिओ पडद्याच्या मध्यावर आहे असे धरा. टीव्हीवर त्याच्या पुढे १२८ पिक्सेल दिसतात. सेकंदाला १५० च्या वेगाने उजव्या कडेला उगवलेली वस्तू साधारण ०.८५ सेकंदात त्याच्यापर्यंत पोचते. गेम बॉय कलरवर पुढे ८० पिक्सेल, म्हणजे ०.५३ सेकंद. डोळ्याने पाहून बोट हलवायला माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. तो वजा केला की टीव्हीवर विचाराला ०.६ सेकंद उरतात आणि हातातल्या यंत्रावर त्याच्या निम्म्याहूनही कमी. समोरून येणारा शत्रू स्वतःही चालत असतो, त्यामुळे प्रत्यक्षात याहूनही कमी. अंगठा विसरलेला नाही, त्याला सांगायला डोळ्याला वेळ मिळत नाही.

आणि आता त्या नकली यंत्रांची गंमत. मूळ फॅमिकॉम जपानी टीव्हीसाठी बनला होता, तिथे सेकंदाला ६० चित्रे. भारतातले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रे. या टीव्हींसाठी बनवलेल्या नकला बहुतेक ५० च्या गतीने चालत, पण आतला खेळ मात्र जपानी मापाचाच. चित्रामागे अडीच पिक्सेल तेच, पण सेकंदाला १५० ऐवजी १२५. खेळातले घड्याळही त्याच हिशेबाने चित्रे मोजते, कासवेही त्याच हिशेबाने चालतात, संगीतही तेवढेच रेंगाळते. सगळेच एकसारखे मंद, म्हणून कुणाला संशय यायचे कारण नव्हते. ज्याला आपण लहानपणीचा मारिओ म्हणतो, तो पुष्कळ जणांच्या बाबतीत मूळ मारिओपेक्षा एक षष्ठांशाने हळू होता. त्या यंत्रावर १२८ पिक्सेल कापायला जवळपास एक अख्खा सेकंद मिळायचा. तिथे तयार झालेला खेळाडू गेम बॉय कलर हातात घेतो, तेव्हा एक सेकंदाचा थेट अर्धा सेकंद होतो. पुणे-नाशिकच्या पोरांना हा खेळ अमेरिकेतल्या पोरांपेक्षा जास्त कठीण वाटला तर त्यात वयाचा दोष नाही.

हे कापणे सगळीकडे सारखे बोचत नाही. भुयारातली १-२ लेव्हल मला उलट जास्त आवडली. भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात आणि भुयार खरोखर कोंदट होते. पाण्याखालच्या लेव्हलमध्ये मारिओ संथ असतो, त्यामुळे तिथेही निभते. किल्ल्यांत मात्र हाल. ५-४ मध्ये आगीच्या गोळ्यांचा एक लांब दांडा गरगर फिरत असतो, मध्यापासून साधारण सहा चौकटी लांब. त्याचे पूर्ण वर्तुळ बारा चौकटींच्या घरात जाते आणि पडदा दहा बाय नऊ. दांड्याचे टोक दृश्याबाहेर जाऊन पुन्हा आत येते, त्यामुळे पळायची वेळ डोळ्याने साधता येत नाही, मनात ताल मोजावा लागतो. २-३ च्या पुलावर खालून उसळणारे मासे कडेवरून एकदम अंगावर येतात. आठव्या जगात तर पलीकडचा काठ न दिसता घ्यायच्या उड्या आहेत. करार मोडतो तो इथे.

मग मारिओ लहान का केला नाही? माझ्या मते केला नाही हेच बरोबर. उडी चार चौकटींची आहे आणि ती चौकट डोळ्याला ओळखीच्या आकाराची दिसते, यावरच या खेळाची सगळी पकड आहे. आकार बदलला असता तर खेळ सोपा झाला असता, पण जुन्या अंगठ्याला परका झाला असता. निन्टेन्डोने दृष्टी दिली आणि स्पर्श राखला. महागडा सौदा, पण दोन्ही एकदम मिळणार नव्हते.

शिवाय त्यांनी भरपाईही भरघोस केली. डीलक्सच्या कॅसेटमध्ये मूळच्या जवळपास पंचवीस पट जागा होती, आणि ती नुसती सजावटीवर उधळलेली नाही. लेव्हलच्या मध्ये नकाशा आला. मारिओऐवजी लुईजी घेऊन खेळता येऊ लागले. केबल जोडून दोघांना शर्यत लावता येऊ लागली. एक लाख गुण झाले की बू नावाच्या भुताशी एकट्याने शर्यत लावण्याचा भाग उघडतो, आणि भूत असल्यामुळे तो भिंतीतून आरपार जातो. मुख्य म्हणजे खेळ साठवता येऊ लागला. मूळ खेळात ती सोयच नव्हती. सगळे जीव संपले की पुन्हा पहिल्या जगापासून. ए बटण दाबून धरून स्टार्ट दाबले की मेलेल्या जगाच्या सुरुवातीपासून खेळता येते ही युक्ती होती, पण ती माहीत असणारे थोडे. आणि महाराष्ट्रात ऐन सातव्या जगात लाइट गेली की तीही निकामी.

यातली सगळ्यात चतुर भर म्हणजे चॅलेंज हा भाग. प्रत्येक लेव्हलमध्ये पाच लाल नाणी आणि योशीचे एक अंडे लपवलेले, शिवाय ठरावीक गुण मिळवायचे. काही नाणी अशा उंचीवर आहेत की खालून ती दिसतच नाहीत. म्हणजे थांबायचे, वर पाहायचे, खाली पाहायचे, ठोकळे चाचपडायचे. पळायच्या खेळाचा शोधायचा खेळ झाला, आणि शोधायच्या खेळात लहान खिडकी अडचण उरत नाही. ज्याने हे सुचवले त्याला दाद द्यायला हवी. अंडी मात्र अनेकदा अदृश्य ठोकळ्यात असतात, आणि कुठलाही सुगावा न देता हवेत डोके आपटत फिरायला लावणे हा माझ्या मते आळशीपणा आहे.

तीन लाख गुणांनंतर १९८६ चा जपानी ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ उघडतो, तोच जो जपानबाहेर नंतर ‘लॉस्ट लेव्हल्स’ या नावाने ओळखला गेला. यात विषारी मशरूम आहे, उलटे मागे नेणारे बोगदे आहेत, आणि एकेक उडी अशी की मोठ्या पडद्यावरसुद्धा घाम फुटावा. गेम बॉयसाठी त्यातला वारा आणि शेवटची जादा जगे गाळली आहेत. तरीही या पडद्यावर तो खेळणे म्हणजे निव्वळ छळ. उघडून पाहा, हसा आणि बंद करा.

आवाजाची बाजू मात्र सहज निभली. फॅमिकॉममध्ये आवाजाचे पाच मार्ग, गेम बॉयमध्ये चार. पण कोंडो यांची मूळ चाल दोन सूर, एक खर्ज आणि एक खरखर यांवरच बेतलेली, त्यामुळे ती जवळजवळ आहे तशी उतरली. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता ही जास्त मोठी अडचण. ट्यूबलाइटखाली यंत्र विशिष्ट कोनात धरूनच खेळावे लागे, आणि भुयाराच्या काळ्या पार्श्वभूमीवर तर आपलाच चेहरा दिसे.

तिसरे उत्तर २००४ चे. गेम बॉय अॅडव्हान्सचा पडदा २४० बाय १६०, म्हणजे रुंदी जवळपास मूळची पण उंची कमी. मूळ खेळच त्यावर उंचीत दाबून बसवला. इथे सगळे दिसते, करारही टिकतो, पण मारिओ बुटका झालेला, आणि दाबताना काही बारीक रेषा चक्क गळालेल्या. माझ्या डोळ्यांना तो कधीच मानवला नाही. २०२० साली पस्तिशीच्या निमित्ताने ‘गेम अँड वॉच’ या जुन्याच नावाने एक छोटे यंत्र आले. त्यात मूळ खेळ न कापता, न दाबता, उजेड असलेल्या रंगीत पडद्यावर दिसतो. पस्तीस वर्षांनी पडद्यांत तेवढे बारीक पिक्सेल स्वस्तात मावू लागले आणि प्रश्नच मिटला. ते यंत्र मर्यादित काळच विकले गेले.

तेव्हा लहानपणीचा खेळ जसाच्या तसा हवा असेल, तर डीलक्सच्या वाटेला जाऊ नका. ३२ लेव्हलचा नकाशा ज्याच्या डोक्यात पक्का आहे आणि ज्याला त्याच गल्ल्यांत नवे काहीतरी शोधायचे आहे, त्याने मात्र तो जरूर खेळावा. सुरुवात चॅलेंजपासून करावी आणि बी बटणावरचा अंगठा जरा सैल सोडावा. जुनी कॅसेट विकत घेणार असाल तर आणखी एक गोष्ट पाहून घ्या. साठवलेला खेळ टिकतो तो आतल्या नाण्याएवढ्या बॅटरीवर. १९९९ च्या त्या बॅटऱ्या आता संपत आल्या आहेत किंवा संपल्या आहेत, आणि नवी बसवायची तर झाळावी लागते. बॅटरी बदललेली आहे का, हे विक्रेत्याला आधी विचारा आणि मगच भाव करा.